असेंबल पीसीला नवं ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज ११: आधी काय करायचं, आणि 'डी ड्राइव्ह' का उडतो?

ईट हे धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातलं मोठं गाव. अशा गावात ऑनलाइन फॉर्म भरून देणारं सेवा केंद्र असतं, फोटो स्टुडिओ असतो, लग्नपत्रिका करून देणारं डीटीपीचं दुकान असतं आणि एखाद्या घरात रात्री उशिरापर्यंत गेम खेळणारा कॉलेजचा पोरगाही असतो. या सगळ्यांकडचा कॉम्प्युटर बहुतेक वेळा कंपनीचा तयार नसतो. बोर्ड एका कंपनीचा, कॅबिनेट दुसऱ्या कंपनीचं, एसएमपीएस कॅबिनेटसोबत आलेला, आणि हे सगळं भूम, बार्शी किंवा धाराशिवच्या दुकानात जुळवून दिलेलं. यालाच असेंबल पीसी म्हणतात.

अशा पीसीचं एक बरं असतं. तो एकदम म्हातारा होत नाही. रॅम कमी पडली की रॅम वाढवायची, हार्ड डिस्क खरखर करायला लागली की ती बदलायची, असं करत तो दहा-बारा वर्षं सहज चालतो. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला आणि या मशीनसमोर दोन प्रश्न एकदम उभे राहिले. विंडोज ११ टाकायचं का? आणि पीसी दुकानात नेतोच आहोत, तर एखादं ग्राफिक्स कार्डही बसवून घ्यायचं का?

वरवर पाहता एक प्रश्न सॉफ्टवेअरचा आणि दुसरा हार्डवेअरचा. प्रत्यक्षात दोघांची गाठ मदरबोर्डवर पडते. क्रम चुकला तर स्क्रीन काळी पडू शकते, किंवा डी ड्राइव्हमधली वर्षानुवर्षांची कामं काही मिनिटांत जाऊ शकतात. दुसरं नुकसान पहिल्यापेक्षा कितीतरी मोठं.

विंडोज १० 'बंद झालं' म्हणजे काय?

विंडोज १० वरचा पीसी आजही सुरू होतो, प्रिंट काढतो, फॉर्म भरतो. थांबलं आहे ते सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं. नवी त्रुटी सापडली तरी ती बुजवणारं अपडेट आपोआप मिळत नाही. घरच्या पीसीवर गाणी आणि फोटो असतील तर धोका मर्यादित. सेवा केंद्राच्या पीसीवर मात्र अर्ध्या गावाची आधार कार्डं, पासबुकं, सातबारे आणि जातीचे दाखले स्कॅन करून पडलेले असतात. बँकेचे आणि सरकारी पोर्टलचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले असतात. तिथे दुरुस्ती नसलेलं विंडोज चालवणं म्हणजे लोकांची कागदपत्रं उघड्या ओट्यावर ठेवणं.

घाई टाळण्यासाठी एक सवलत आहे. घरगुती वापराच्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती लागते. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करायची. मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर ती फुकट होते, नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर असे पर्याय आहेत. व्यवसायासाठीची योजना वेगळी आहे आणि तिला पैसे पडतात. ही सवलत म्हणजे मुदतवाढ आहे. तेवढ्या वेळात काय विकत घ्यायचं ते ठरवता येतं, आणि घाईत घेतलेल्या चुकीच्या कार्डापेक्षा ते बरं.

पीसीला विंडोज ११ चालेल का, हे कसं ओळखायचं?

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं. त्याला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते असं कागदावर लिहिलेलं आहे. खरी अडचण तीन गोष्टींची येते. प्रोसेसर इंटेलचा असेल तर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, एएमडीचा असेल तर रायझेन २००० मालिका किंवा पुढची. बोर्ड यूईएफआय पद्धतीने सुरू होणारा आणि सिक्योर बूटची सोय असलेला हवा. आणि टीपीएम २.० हवं. टीपीएम म्हणजे गुपित किल्ल्या सांभाळणारी छोटीशी तिजोरी. ती बोर्डवर वेगळ्या चिपच्या रूपात असते किंवा प्रोसेसरच्या आतच असते.

इंटेलची पिढी नावावरून कळते. आय३-३२२० तिसऱ्या पिढीचा, आय५-८४०० आठव्या, आय३-१०१०० दहाव्या. गावोगावच्या असेंबल पीसींमध्ये एच६१ नावाचे बोर्ड फार दिसतात. २०११ साली आलेल्या या बोर्डवर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसतात, म्हणजे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत त्यांना जागा नाही. कार्ड कितीही नवं बसवलं तरी यात फरक पडत नाही.

टीपीएम आहे की नाही ते पाहायला विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून इंग्रजी अक्षरांत 'टीपीएम डॉट एमएससी' टाइप करायचं. 'सापडलं नाही' असं आलं तरी लगेच निराश होण्याचं कारण नाही. आठव्या पिढीनंतरच्या कितीतरी बोर्डवर ते असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. तेवढं चालू केलं की नापास पीसी पास होतो, आणि खर्च शून्य. नवा बोर्ड घ्यायला सांगणाऱ्या दुकानदाराला हा प्रश्न आधी विचारायला हरकत नाही.

अटी चुकवून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या इंटरनेटवर भरपूर आहेत, रूफस या साधनाने तर ते दोन टिचक्यांत होतं. चालतंही. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही आणि दर वर्षीची मोठी आवृत्ती पुन्हा हाताने टाकावी लागते. फार जुन्या, कोअर २ ड्युओच्या काळातल्या प्रोसेसरवर तर २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरला कळतच नाहीत. गेम खेळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: व्हॅलोरंट हा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्योर बूट दोन्ही चालू असल्याशिवाय उघडत नाही. तिथे युक्तीने टाकलेलं विंडोज उपयोगाचं नाही.

डी ड्राइव्ह का उडतो?

'सी फॉरमॅट मारला तरी डी सुरक्षित राहतो.' गावातल्या प्रत्येक पीसीवाल्याला हे पाठ असतं. विंडोज सी मध्ये, कामाच्या फायली डी, ई, एफ मध्ये. व्हायरस आला की सी पुसायचा, नवं विंडोज टाकायचं, तासाभरात पीसी परत. विंडोज एक्सपीपासून विंडोज १० पर्यंत हा रिवाज बहुतेक वेळा खरा ठरला.

विंडोज ११ च्या वेळी तो मोडू शकतो. कारण डिस्कवर विभाग कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात याची वही दोन पद्धतींनी लिहिलेली असते. जुनी पद्धत एमबीआर, नवी जीपीटी. जुन्या बायोसला एमबीआर चालते. यूईएफआय पद्धतीने विंडोज टाकायचं तर डिस्क जीपीटी हवी. आता असं होतं: कारागीर बायोसमध्ये यूईएफआय चालू करतो, पेन ड्राइव्ह लावतो, सी निवडतो, आणि विंडोज सांगतं की या डिस्कवर एमबीआर आहे, इथे टाकता येणार नाही. मग 'सगळे पार्टिशन डिलीट करून बघू' असं म्हणून, किंवा यूट्यूबवर पाहिलेली डिस्कपार्टची 'क्लीन' आज्ञा देऊन, तो पुढे जातो. ती आज्ञा सी पुसत नाही, अख्ख्या डिस्कची वही फाडते. सी गेला, डी गेला, ई गेला. विंडोज मात्र झकास बसतं.

मायक्रोसॉफ्टने यावर २०१७ पासून विंडोज १० मध्येच एक साधन दिलं आहे, 'एमबीआर२जीपीटी'. डेटा न पुसता ते वही बदलतं. अडचण अशी की ते फक्त प्रायमरी विभाग असलेल्या डिस्कवर चालतं, तेही तीनपर्यंतच. आपल्याकडच्या जुन्या डिस्कवर सी प्रायमरी आणि डी, ई, एफ हे एकाच एक्स्टेंडेड विभागाच्या पोटात, अशी रचना सर्रास असते. तिथे हे साधन 'जमणार नाही' म्हणून थांबतं. डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहिलं तर असे पोटविभाग हिरव्या चौकटीत दिसतात. हिरवी चौकट दिसली की डेटा बाहेर काढल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सगळ्यात निर्धोक वाट वेगळीच आहे, आणि ती पीसीचा वेगही सर्वांत जास्त वाढवते. नवी एसएसडी घ्यायची. जुनी हार्ड डिस्क केबल काढून बाजूला ठेवायची. नव्या एसएसडीवर विंडोज ११ टाकायचं. ती कोरी असल्याने आपोआप जीपीटी होते. सगळं नीट सुरू झाल्यावर पीसी बंद करून जुनी डिस्क परत जोडायची. फक्त डेटा ठेवणारी डिस्क एमबीआर असली तरी विंडोज ११ ला काहीच हरकत नसते. बायोसमध्ये पहिल्यांदा एसएसडीवरून सुरू व्हायचा क्रम लावला की झालं. जुन्या डिस्कवरची फाइल एकदाही धोक्यात येत नाही.

डेस्कटॉप आणि डाउनलोड्स ही दोन्ही ठिकाणं सी मध्येच असतात, हे विसरलं जातं. 'माझं सगळं डी मध्ये आहे' म्हणणाऱ्याच्या डेस्कटॉपवर बहुधा दोनशे फायली असतात.

फॉरमॅटआधी आणखी काय वाचवायचं?

मराठीत काम करणाऱ्यांनी आधी फॉन्ट सांभाळावेत. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये केलेली पत्रिका किंवा अर्ज त्या फॉन्टशिवाय उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले आपले फॉन्ट आधी कॉपी करून घ्यावेत. मंगल हा युनिकोड फॉन्टही विंडोज १० आणि ११ मध्ये मुळात बसवलेला असेलच असं नाही. तो 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या ऐच्छिक सोयीत गेला आहे आणि निर्मला यूआय त्याच्या जागी येतो. मंगलमध्ये जुळवलेल्या पानाच्या ओळी इकडेतिकडे झाल्या तर कारण हे.

विंडोज ११ फक्त ६४ बिटचं येतं. ज्यांच्याकडे अजून ३२ बिट विंडोज आहे त्यांचे बरेचसे ३२ बिट प्रोग्राम चालतील, पण ३२ बिटचे ड्रायव्हर चालणार नाहीत. डीटीपी सॉफ्टवेअरचं डोंगल, जुना स्कॅनर, जुना लेझर प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारं यंत्र आणि त्याची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीचं टोकन: प्रत्येकाचा ६४ बिट ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आहे का ते आधी पाहायचं. फॉरमॅट झाल्यावर कळलं तर दुसऱ्या दिवशी दुकानात रांग उभी असते आणि यंत्र दिवा लावत नाही.

इंटरनेटचंही गणित आहे. विंडोज ११ ची फाइल ५ जीबीहून मोठी असते आणि पेन ड्राइव्ह किमान ८ जीबीचा लागतो. रोज दीड-दोन जीबी डेटा मिळणाऱ्या मोबाइल प्लॅनवर हे एका दिवसात उतरत नाही. ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्याकडून पेन ड्राइव्ह करून आणलेला बरा, मात्र फाइल मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घेतलेली असावी. विंडोज ११ होम बसवताना नेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. त्याच क्षणी वाय-फायच्या डोंगलचा ड्रायव्हर नसतो आणि माणूस तिथेच अडकतो. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की सहसा काम होतं.

अस्सल विंडोज १० चं डिजिटल लायसन्स असेल तर विंडोज ११ फुकट सक्रिय होतं. हे लायसन्स मुख्यतः बोर्डशी बांधलेलं असतं. ग्राफिक्स कार्ड किंवा डिस्क बदलल्याने ते जात नाही, बोर्ड बदलल्यावर जाऊ शकतं. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की वापरून नवं विंडोज सक्रिय करायची सोय मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. उरला क्रॅकचा प्रश्न. तो चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं. सुरक्षेसाठी विंडोज बदलायचं आणि पहिल्याच दिवशी अनोळखी माणसाच्या प्रोग्रामला घराची किल्ली द्यायची, याला अर्थ नाही.

स्क्रीन काळी का पडते?

आता कार्डाकडे. यूईएफआय पद्धतीत पीसी सुरू होताना पहिलं चित्र दाखवण्यासाठी कार्डाच्या आत एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला जीओपी म्हणतात. साधारण २०१२-१३ च्या आधीच्या बहुतेक कार्डांत तो नसतो. जीफोर्स २१० किंवा रेडिऑन एचडी ५४५० अशी कार्डं जुन्या पीसीत अजून दिसतात, ती याच काळातली. बोर्ड अशा कार्डांना सीएसएम नावाच्या जुन्या पद्धतीने सांभाळून घेतो. सिक्योर बूटसाठी सीएसएम बंद केलं की कार्डाला बोलायची भाषाच उरत नाही. पंखे फिरतात, कीबोर्डचे दिवे लागतात, पण स्क्रीन काळी. लोकांना वाटतं विंडोज ११ ने पीसी खाल्ला.

प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून केबल बोर्डला लावायची, चित्र येतं. पण आय३-१०१००एफ, आय५-१२४००एफ अशा नावात शेवटी 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये ते नसतं. हे प्रोसेसर थोडे स्वस्त पडतात म्हणून असेंबल पीसीत भरपूर खपले. तिथे कार्ड हाच एकमेव डोळा. अशा वेळी पीसीची वायर काढून बोर्डवरचा नाण्यासारखा सेल काही मिनिटं बाहेर ठेवला की बायोस मूळ स्थितीत येतो आणि बहुतेक वेळा चित्र परत येतं.

उलटंही घडतं. अगदी जुन्या बायोसच्या बोर्डवर नवं कार्ड लावलं की तो बोर्ड ते ओळखतच नाही. कधी बायोसचं अपडेट उपाय ठरतं, पण ते चालू असताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा बसू शकतो. लोडशेडिंगच्या वेळापत्रकात हे काम यूपीएसवर आणि बॅटरी भरलेली असतानाच करावं.

म्हणून क्रम असा ठेवतात: आधी जुन्या कार्डावर सगळं चालू असताना डेटाची सोय, मग जुनं कार्ड यूईएफआयला चालतं का याची खात्री, नसेल तर आधी नवं कार्ड, आणि त्यानंतरच सीएसएम बंद करून विंडोज. कार्ड आणि विंडोज एकाच दुपारी बदललं तर बिघाड कोणामुळे झाला ते कळत नाही. मध्ये दोन दिवस जाऊ द्यावेत.

कार्डाला वीज कुठून मिळणार?

बोर्डवरच्या ज्या लांब खाचेत कार्ड बसतं ती खाच ७५ वॅटपर्यंत वीज देते. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी पिन लागते: सहा पिनची आणखी ७५ वॅट देते, आठ पिनची १५० वॅट. कॅबिनेटसोबत आलेल्या हलक्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं, पण सहा पिनची वायर नसते. मग दुकानात जोडतोड करणारी वायर लावून देतात. बारीक तारेतून मोठा प्रवाह गेला की प्लास्टिक वितळतं, आणि खालच्या दर्जाचा एसएमपीएस जाताना बोर्डही घेऊन जाऊ शकतो. हातात घेतल्यावर वजनदार, नावाच्या कंपनीचा, ८० प्लसची खूण आणि मूळची पिन असलेला एसएमपीएस नसेल, तर पिन लागणारं कार्ड घेऊच नये.

गावात याला आणखी एक टोक आहे, ते म्हणजे यूपीएस. सर्रास दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच भार उचलतो. आय३ चा पीसी आणि मॉनिटर त्यावर आरामात चालतो. १८५ वॅटचं आरएक्स ५८० लावलं की लाइट गेल्यावर यूपीएस टीं-टीं करत लगेच बसू शकतो, आणि ज्या फॉर्मसाठी तो घेतला होता तो फॉर्मच जातो. त्यामुळे गावाकडच्या असेंबल पीसीला पिन न लागणारं कार्ड जास्त मानवतं.

अशी कार्डं थोडीच आहेत. जीटी १०३० (२०१७) सगळ्यात कमी वीज खातं, पण त्याचा नंतर आलेला डीडीआर४ प्रकार मूळ जीडीडीआर५ प्रकारापेक्षा बराच हळू आहे. खोक्यावरची ही अक्षरं पाहूनच घ्यावं. जीटीएक्स १०५० टीआय (२०१६) वर्षानुवर्षं लोकांचं लाडकं होतं, पण एनव्हिडियाने त्या पिढीला ऑक्टोबर २०२५ नंतर नवे गेम ड्रायव्हर देणं थांबवलं. फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील. जीटी १०३० ही त्याच पिढीचं. २०१९ चं जीटीएक्स १६५० त्यानंतरच्या पिढीचं असल्याने या यादीत येत नाही, मात्र त्याच्या काही मॉडेलना सहा पिन लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० हे ७० वॅटमध्ये, सहसा पिनशिवाय चालतं. त्याच नावाचं ८ जीबीचं कार्ड वेगळं आहे आणि त्याला पिन लागते.

कार्ड कोणाला खरंच लागतं?

फॉर्म, दाखले, टायपिंग, टॅली, एमएस-सीआयटीचा अभ्यास यांना वेगळं कार्ड लागत नाही. तिथे तेच पैसे एसएसडी आणि ८ किंवा १६ जीबी रॅमवर घातले तर फरक लगेच दिसतो. रॅम घ्यायची तर भाव विचारून घ्यावी. २०२५ च्या अखेरीस तिच्या किमती भराभर चढल्या. एच६१ बोर्डवर साटा केबलची एसएसडीच घ्यायची. छोट्या पट्टीसारखी एनव्हीएमई तिथे बसायला जागाच नसते.

फोटोशॉपमध्ये अल्बम करणाऱ्यालाही आधी रॅम लागते. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याला मात्र कार्ड खरोखर कामाला येतं, कारण शेवटची फाइल बनवण्याचं काम ते प्रोसेसरकडून काढून घेतं. इथेच एक फसगत होते: जीटी १०३० आणि एएमडीचं आरएक्स ६४०० या दोघांत व्हिडिओ बनवणारा तो भागच नाही. स्वस्त म्हणून आणलेलं कार्ड एक्स्पोर्टच्या वेळी हात वर करतं. आरएक्स ६४०० चार लेनवर चालत असल्याने जुन्या बोर्डवर ते गेममध्येही मागे पडतं.

गेमसाठी कार्ड घेताना प्रोसेसर विसरला जातो. तिसऱ्या पिढीच्या आय३ ला भारी कार्ड लावणं म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरचं इंजिन. कार्ड रिकामं बसतं, कारण प्रोसेसर त्याला वेळेवर काम पुरवत नाही.

मॉनिटर जुना असेल तर त्याला फक्त निळी व्हीजीए केबल असते. नव्या कार्डांवर ते तोंडच नसतं. एचडीएमआयमधून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लागतो. आणि कार्ड बसवल्यावर केबल कार्डालाच लावायची, वर बोर्डच्या तोंडाला नाही. 'कार्ड टाकून काहीच फरक पडला नाही' अशा तक्रारींमागे कधी कधी एवढंच कारण निघतं.

सेकंडहँड घ्यायचं असेल तर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत जुनी कार्डं भरपूर मिळतात. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, कार्डांवर ते खणण्याचा धंदा संपला आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. ती सगळीच खराब असतात असं नाही, पण पंखा आणि आतली पेस्ट बदलावी लागते. 'आरएक्स ५८० ८ जीबी' म्हणून स्वस्तात विकली जाणारी अनेक कार्डं '२०४८एसपी' प्रकारची असतात. हा प्रकार मुळात चीनच्या बाजारासाठी निघाला होता आणि आतून तो आरएक्स ५७० च्या जवळचा आहे.

याहून वाईट म्हणजे बनावट कार्डं. जुन्या जीटीएस ४५० वर खोटं सॉफ्टवेअर चढवून ते १०५० टीआय म्हणून विकलं गेलेलं आहे. विंडोज नावही तेच दाखवतं. जीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्राम अशी कार्डं बहुतेक वेळा पकडतो आणि नावाआधी इंग्रजीत 'फेक' लिहितो. पैसे देण्याआधी दुकानातच तो चालवून पाहावा.

जुन्या पीसीला विंडोज ११ चालतच नसेल तर?

लिनक्स मिंट हा खरा पर्याय आहे. त्याची २२ ही आवृत्ती एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट घेते, फुकट आहे आणि एसएसडीवर जुना एच६१ पीसीही त्यावर चपळ चालतो. मराठी टायपिंग इनस्क्रिप्टने होतं. पेन ड्राइव्हवरूनच, काहीही न पुसता, चालवून पाहता येतो. एएमडीच्या बऱ्याच कार्डांचा ड्रायव्हर त्यात आधीपासून असतो, एनव्हिडियाचा ड्रायव्हर मॅनेजरमधून निवडावा लागतो.

अभ्यास, ब्राउझर, यूट्यूब, पत्रलेखन एवढ्यासाठी तो पुरेसा आहे. सेवा केंद्रासाठी मात्र अडचण येते: ठसे घेणाऱ्या यंत्रांची आरडी सर्व्हिस आणि सहीच्या टोकनची साधनं मुख्यतः विंडोजसाठी बनतात, श्रीलिपी आणि टॅलीही तिथलीच. अशा दुकानात एकच नवा किंवा आठव्या पिढीनंतरचा वापरलेला पीसी विंडोज ११ साठी ठेवून, जुना मिंटवर झेरॉक्स-प्रिंटच्या कामाला लावणं परवडतं. प्रिंटर मिंटला चालतो का ते पेन ड्राइव्हवरूनच आधी तपासून घ्यावं.

ज्यांचा पीसी विंडोज ११ ला पात्र आहे त्यांनी नवं विंडोज बसल्यावर आधी बोर्डचे ड्रायव्हर, मग कार्डाचा ड्रायव्हर थेट एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या साइटवरून टाकावा. तोपर्यंत डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसतो आणि स्क्रीन मोठी-अस्पष्ट दिसते. कार्ड खराब आहे असं समजून ते परत करायला धावू नये. विंडोज न बदलता फक्त कार्ड एका कंपनीचं काढून दुसऱ्या कंपनीचं लावलं असेल तर जुना ड्रायव्हर डीडीयू या साधनाने आधी साफ करतात. आणि जुनी हार्ड डिस्क किमान महिनाभर तशीच ठेवावी. कुठला फॉन्ट राहिला, कुठलं पत्रिकेचं डिझाइन राहिलं, ते साधारण तिसऱ्या आठवड्यात, गिऱ्हाईक समोर उभं असताना आठवतं.